बांधावरून डांबरावर

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतल्या गावांमध्ये ट्रॅक्टर धुऊन-पुसून उभे राहतात. मागच्या ट्रॉलीत आधी पालाचं सामान चढतं, म्हणजे बांबू आणि ताडपत्री. त्यावर बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, तवा-परात, पाण्याचा ड्रम. कोपऱ्यात एखादी शेळी बांधलेली असते. सगळ्यात शेवटी बाया आणि लेकरं चढतात. चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फुटतो आणि ऊसतोडीची टोळी निघते. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी बारामतीकडे, तर कुणी थेट कर्नाटकात. कोल्हापूर भागातला साखर कारखाना असेल तर रस्ता तीनशे किलोमीटरच्या पुढचा, आणि ट्रॅक्टरचा वेग ताशी वीस-पंचवीस किलोमीटर. मुक्काम धरून हा प्रवास दोन दिवसांचा होतो.

आमच्या भावकीतले एक काका पंचवीस-तीस हंगाम हाच प्रवास करत आले. नारळ फुटल्यावर ते लगेच सीटवर बसत नसत. आधी उजव्या बाजूला वाकत. तिथे ब्रेकची दोन पेडलं शेजारी शेजारी असतात. त्या दोघांना जोडणारी बोटभर लोखंडी पट्टी ते पलटी करून खाचेत बसवत, पायानं दाबून बघत, आणि मगच किल्ली फिरवत. मी लहानपणी एकदा विचारलं, तर म्हणाले, "शेतात ब्रेक दोन असतेत, रस्त्यावर एकच."

त्या एका वाक्यात ट्रॅक्टरचं अख्खं यंत्रशास्त्र आहे, हे मला फार उशिरा कळलं. ट्रॅक्टर हे ओढण्यासाठी बनवलेलं यंत्र आहे. रस्त्यावर मात्र ओढण्याइतकंच थांबणं महत्त्वाचं असतं, आणि थांबण्यासाठी त्याची घडण झालेली नाही. रस्त्यावरचे त्याचे बहुतेक धोके याच एका विसंगतीतून येतात.

ऊस थांबत नाही

ट्रॅक्टर मुळात रस्त्यावर येतो कशाला? उसासाठी. महाराष्ट्रात सुमारे दोनशे साखर कारखाने गाळप करतात. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ऊस तोडला की त्यातली साखर उतरायला लागते. तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होतं, आणि या शर्करांचे दाणे पडत नाहीत. शिवाय ऊस सुकतो, वजन घटतं, आणि शेतकऱ्याला पैसे मिळतात ते वजनावर. म्हणून सकाळी तोडलेला ऊस शक्य तितक्या लवकर वजनकाट्यावरून गव्हाणीत पडावा लागतो. मोळ्या बांधून ट्रॉली भरेपर्यंत संध्याकाळ होते, त्यामुळे बरीच वाहतूक अंधारात चालते.

हे काम ट्रकपेक्षा ट्रॅक्टरला सोयीचं पडतं. पाण्यानं भिजलेल्या फडात ट्रक रुततो, तर ट्रॅक्टर आत जाऊन भरलेली ट्रॉली बाहेर काढतो. एक ट्रॉली फडात भरत ठेवून दुसरी कारखान्यावर नेता येते. हंगाम संपला की तोच ट्रॅक्टर नांगरटीला लागतो. कर्ज काढून घेतलेलं यंत्र बारा महिने कामात राहतं. म्हणजे ट्रॅक्टर रस्त्यावर येतो तो हौसेनं नाही. शेतीचा सगळा हिशेबच त्याला तिथे आणतो.

पन्नास घोडे, पंचवीस टन

ऊस ओढणारा ट्रॅक्टर साधारण पन्नास अश्वशक्तीचा असतो. एवढ्याच ताकदीचं इंजिन छोट्या मोटारीतही असतं आणि ती मोटार महामार्गावर सहज शंभरानं पळते. मग तेवढ्याच ताकदीत ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉल्यांसह पंचवीस टन कसे हलवतो? उत्तर गिअरमध्ये आहे. इंजिनाचे दोन हजार फेरे चाकापर्यंत पोहोचेस्तोवर अनेक दातेरी चक्रांमधून कमी कमी होत जातात. फेरे कमी झाले की पीळ वाढतो. रहाटानं जड पोहरा सावकाश वर यावा, तसाच हा मामला आहे. वेग देऊन जोर घ्यायचा. म्हणून शेवटच्या गिअरमध्येही ट्रॅक्टर ताशी तीस किलोमीटरच्या आसपास अडतो. ती त्याची कमजोरी नव्हे, त्याची रचनाच तशी आहे.

या रचनेत आणखी काही गोष्टी जाणूनबुजून वगळलेल्या आहेत. मोटारीला पाटे किंवा स्प्रिंग असतात, ट्रॅक्टरच्या मागच्या आसाला नसतात. तो थेट सांगाड्याला घट्ट बसवलेला असतो, कारण नांगराची खोली एकसारखी राहायला हवी. पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलतो, म्हणजे उंचसखल सरीतही चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. शेतात हा गुण आहे. रस्त्यावर मात्र खड्ड्याचा प्रत्येक हादरा थेट चालकाच्या मणक्यात जातो, आणि ठरावीक वेगाला अख्खा ट्रॅक्टर लयीत उड्या मारू लागतो. उडी मारताना पुढची चाकं हलकी होतात, आणि चाक हलकं झालं की स्टिअरिंगही हलकं होतं. अशा वेळी उपाय एकच, वेग कमी करणे.

टायरचंही तसंच. मागच्या टायरवरचे जाड तिरके दात मातीत रुतण्यासाठी असतात. डांबरावर रबराचा पूर्ण तळवा टेकत नाही, फक्त दात टेकतात. पहिल्या पावसानं रस्ता ओला झाला किंवा वाटेत चिखल सांडला, की पकड एकदम घटते. शेतात चाक घसरू नये म्हणून बरेच जण टायरमध्ये पाणी भरतात. टायरच्या मापाप्रमाणे ते शंभर-दोनशे लिटर किंवा त्याहूनही जास्त असतं. हे वजन ओढायला मदत करतं, पण तेच थांबवावंही लागतं. हवेचंही ध्यान ठेवावं लागतं. मऊ जमिनीसाठी कमी केलेली हवा तशीच ठेवून लांब पल्ल्याला निघालं, तर टायरच्या भिंती वळून वळून तापतात. कंपनीच्या पुस्तिकेत शेतासाठी आणि रस्त्यासाठी वेगळा दाब दिलेला असतो, तो निघण्याआधी बघावा.

थांबण्याचं गणित

आता त्या दोन पेडलांकडे येऊ. ट्रॅक्टरच्या मागच्या डाव्या आणि उजव्या चाकाला स्वतंत्र ब्रेक असतो. शेताच्या टोकाला वळताना चालक फक्त आतल्या बाजूचं पेडल दाबतो. ते चाक जागी थांबतं, दुसरं फिरत राहतं, आणि ट्रॅक्टर टाचेवर फिरावा तसा वळतो. रस्त्यावर ताशी पंचवीसच्या वेगात असंच एक पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर क्षणात त्या बाजूला ओढला जातो. मागे भरलेली ट्रॉली असेल तर तो आडवा होतो. काकांची ती पट्टी एवढ्यासाठीच असते. दोन्ही पेडलं एकत्र बांधली की दोन्ही चाकं एकाच वेळी थांबतात. पट्टी प्रत्येक ट्रॅक्टरला असते, पण शेतातून थेट सडकेवर येताना ती लावायची राहून जाते.

पेडलं जोडली तरी गणित अवघडच राहतं. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकांना ब्रेक नसतो आणि बहुतेक ट्रॉल्यांनाही नसतो. म्हणजे ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि वीस टन ऊस मिळून पंचवीस टनांची वरात रस्त्यावर चालते, आणि ती थांबवायला फक्त मागची दोन चाकं असतात. त्यांच्यावर तीन-साडेतीन टन भार आहे आणि रस्ता कोरडा आहे असं धरून ढोबळ हिशेब केला, तर सपाटीवर ताशी वीसच्या वेगातून थांबायला सुमारे वीस मीटर लागतात. ताशी तीसच्या वेगातून लागतात चाळीसहून जास्त. वेग दीडपट झाला, पण थांबण्याचं अंतर दुपटीच्या वर गेलं. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, त्याचा हा परिणाम. चालकाचा पाय पेडलवर जाईपर्यंतचे आणखी सहा-आठ मीटर यात धरलेले नाहीत.

उतार आला की हा हिशेब आणखी बिघडतो. शंभर मीटरला आठ मीटर उतरणारा रस्ता घ्या. तिथे गुरुत्वाकर्षण जेवढं खाली ढकलतं, जवळजवळ तेवढंच त्या दोन चाकांचं बळ असतं. म्हणजे ब्रेकची सगळी ताकद वेग वाढू न देण्यातच खर्च होते, थांबवायला काही उरत नाही. अशा उतारावर ट्रॅक्टर नंतर थांबवता येत नाही, म्हणून तो सुरुवातीलाच सावकाश उतरवावा लागतो.

धारूरच्या घाटात मी हे एकदा मडगार्डवर बसून अनुभवलं. बसायला नको होतं, पण तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. घाटमाथ्यावर काकांनी ट्रॅक्टर पूर्ण थांबवला. मागे जाऊन हुकाची पिन आणि पिनेच्या टोकाची अडकण हातानं चाचपली. मग खालचा गिअर टाकला आणि म्हणाले, "ज्या गिअरात चढशील, त्याच गिअरात उतर." उतरताना इंजिन घुमत होतं, कारण आता इंजिन चाकांना नव्हे, तर चाकंच इंजिनाला फिरवत होती आणि इंजिन त्यांना अडवत होतं. एका वळणावर ट्रॉलीनं मागून धक्का दिला. दांडी कुरकुरली, ट्रॅक्टरचा मागचा भाग किंचित डावीकडे सरकला. काकांनी ब्रेकवर पाय आपटला नाही. स्टिअरिंग सरळ धरून हलकेच पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. दहा-बारा सेकंदांत ट्रॉली पुन्हा ओळीत आली. जोरात ब्रेक दाबला असता तर चाकं जाम झाली असती, आणि मागच्या वजनानं ट्रॅक्टरला चाकूच्या पात्यासारखं दुमडून टाकलं असतं.

म्हणूनच डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणं हा सगळ्यात महागडा सौदा आहे. क्लच दाबून ठेवला तरी परिणाम तोच. इंजिनाची वेसण सुटते, वेग वाढतो, आणि वाढलेल्या वेगात गिअर परत पडत नाही. दोन-चार रुपयांच्या डिझेलसाठी पंचवीस टन मोकाट सुटतात.

तोंड उचललं तर

चढाला धोका वेगळा असतो. इंजिन मागचा आस फिरवायला बघतं. ट्रॉली जड आहे, चढ उभा आहे आणि चाक फिरायला तयार नाही, अशा वेळी तो पीळ कुठेतरी जाणारच. चाक फिरत नसेल तर आसाभोवती ट्रॅक्टरच फिरतो, म्हणजे त्याचं तोंड वर उचललं जातं. हुक आसाच्या खालच्या पातळीवर असेल तर ओढ पुढच्या चाकांना जमिनीकडे दाबते. पण कुणी सोयीसाठी साखळी किंवा दांडी आसाच्या वर अडकवली, की तीच ओढ ट्रॅक्टरला मागे उलथवते. ही पलटी पूर्ण व्हायला दीडेक सेकंद पुरतो. माणसाला धोका उमगून पाय क्लचवर जाईपर्यंत वेळ संपलेली असते. म्हणून पुढे वजनाच्या पाट्या लावतात, आणि रुतलेली ट्रॉली काढताना झटका देऊ नये असं जाणते चालक पुन्हा पुन्हा सांगतात. ऊस ओढताना पुढची चाकं हवेत गेलेल्या ट्रॅक्टरचे व्हिडिओ लोक कौतुकानं बघतात. त्या चालकाच्या हातात त्या क्षणी स्टिअरिंग असतं, दिशा मात्र नसते.

मागून येणाऱ्याचे सहा सेकंद

इथवरचं सगळं ट्रॅक्टर चालवणाऱ्यासाठी झालं. पण अनेक मोठे अपघात होतात ते मागून, रात्री. त्याचं कारण मोटार चालवणाऱ्यानंही समजून घ्यायला हवं.

मोटार ताशी ऐंशीनं येतेय, पुढे ट्रॅक्टर ताशी वीसनं चाललाय. दोघांमधलं अंतर ताशी साठच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा मीटरनं घटतं. शंभर मीटरवरून ट्रॉली दिसली तर हातात सहा सेकंद असतात. पण उसाच्या ट्रॉलीचा मागचा भाग म्हणजे करड्या-तपकिरी वाढ्यांचा आणि पाचटाचा ढीग. त्याच्यावर प्रकाश पडला तरी तो परत फिरत नाही. कमी झोताच्या दिव्यात असा ढीग चाळीस-पन्नास मीटरवर दिसतो. तिथे उरतात तीन सेकंद, त्यातले दीड डोळ्यांना दिसलेलं डोक्याला कळण्यात जातात. त्यात आणखी एक फसगत असते. ट्रॉलीला एकच लाल दिवा लावलेला असेल तर मागच्याला तो दुचाकीचा वाटतो, आणि दुचाकीच्या शेजारून निघून जावं तसा तो उजवीकडून घुसायला बघतो.

म्हणून रिफ्लेक्टरची पट्टी ट्रॉलीच्या दोन्ही कडांना असावी. नुसतं काहीतरी पुढे आहे एवढं कळून उपयोग नाही, ते किती रुंद आहे हेही कळायला हवं. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी ही रंगांची खूण त्यासाठीच ठरलेली आहे. उसाची टोकं फळीच्या बाहेर येतात आणि पट्टी झाकून टाकतात. त्यामुळे काही ठिकाणी चमकत्या पट्ट्या शिवलेलं लाल कापड मोळ्यांवरून मागे सोडतात. हा उपाय अगदी स्वस्त आहे आणि ट्रॉली भरल्यावरही दिसतो. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायो स्टेट विद्यापीठात केन हार्कनेस या कृषी अभियंत्यानं मंद वाहन मागच्याला कसं ओळखू यावं, हा प्रश्न हाती घेतला. त्यातून सावकाश वाहनांसाठी केशरी मधला भाग आणि लाल कडा असलेला त्रिकोण तयार झाला. केशरी रंग दिवसा उठून दिसतो, लाल कडा रात्री दिव्यात चमकते. लांबून, काही वाचायची गरज न पडता, पुढचं वाहन मंद आहे हे त्यातून कळतं.

ओलांडणाऱ्यानं आणखी एक हिशेब करावा. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी पंधरा मीटरच्या पुढे जाते. आपण त्याच्यापेक्षा ताशी तीसनं जास्त पळत असलो तरी पूर्ण पुढे निघायला पाचेक सेकंद लागतात. तेवढ्यात समोरून ऐंशीनं येणारी गाडी शंभराहून जास्त मीटर जवळ येते. आणि ट्रॅक्टर उजवीकडे शेतरस्त्यावर वळणार असेल, तर पुष्कळदा इंडिकेटर नसतो, असला तरी धुळीनं झाकलेला असतो. हॉर्न देऊन, त्याच्या आरशात किंवा नजरेत येऊनच पुढे जावं. इंजिनाच्या आवाजात त्याला मागचं काही ऐकू येत नाही.

कायद्याच्या नजरेतून

१९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॅक्टरची व्याख्या आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. ज्या वाहनाची रचना स्वतः ओझं वाहण्यासाठी झालेली नाही, ते ट्रॅक्टर. म्हणजे कायद्यालाही हे ओढणारं यंत्र आहे हे ठाऊक आहे. रिकामं वजन ७५०० किलोपर्यंत असलेला ट्रॅक्टर हलक्या वाहनांत मोडतो. ट्रॉलीची नोंदणी वेगळी करावी लागते. ट्रॅक्टरवर आसन एकच असतं, चालकाचं. मडगार्डवर किंवा हुकावर बसलेल्या माणसाला काही झालं, तर विम्याचे पैसे मिळवताना कुटुंबाची दमछाक होते. हे गावात फार कमी लोकांना माहीत असतं, आणि माहीत होतं ते घात झाल्यावरच.

राष्ट्रीय महामार्गावर ट्रॅक्टरला टोल नाही. पण बाजूला सेवारस्ता किंवा पर्यायी रस्ता असेल तर मुख्य रस्त्यावर यायची परवानगीही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग ट्रॅक्टरला बंद आहेत. यात शेतकऱ्याचा अपमान नाही. शंभरानं पळणारी आणि वीसनं चालणारी वाहनं एकाच पट्ट्यात आली की काय होतं, ते वरच्या सेकंदांच्या हिशेबात आलंच आहे.

सावकाशीची ताकद

नीट काळजी घेतली तर ट्रॅक्टर किती लांब जाऊ शकतो? एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी आणि त्यांचे सहकारी १९५७च्या ऑक्टोबरमध्ये अंटार्क्टिकातल्या स्कॉट तळावरून फर्ग्युसन कंपनीचे छोटे शेती-ट्रॅक्टर घेऊन निघाले. चाकांवर पट्टे चढवून ते सुमारे दोन हजार किलोमीटर बर्फातून गेले आणि ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. आपल्याकडे २०२०च्या नोव्हेंबरात पंजाबचे शेतकरी आंदोलनासाठी ट्रॉल्यांना ताडपत्र्या बांधून, धान्य भरून दिल्लीच्या सीमेवर आले आणि त्याच ट्रॉल्यांत वर्षभर राहिले. ट्रॅक्टर लांब जातो याबद्दल शंकाच नको. तो जातो तो सावकाश चालून आणि वरचेवर थांबून.

लांबच्या पल्ल्याला निघणाऱ्यांसाठी अनुभवी चालकांची शिस्त थोडक्यात सांगता येते. निघण्याआधी पेडलांची पट्टी, हुकाची पिन, चाकांचे नट, हवा आणि सगळे दिवे बघायचे. डिफरन्शियल लॉक सुटलेला आहे ना, याची खात्री करायची. तो लागलेला राहिला तर ट्रॅक्टर वळायलाच मागत नाही. दर दीड-दोन तासांनी थांबून टायर आणि मागच्या चाकाजवळचा ब्रेकचा भाग हात जवळ नेऊन चाचपायचा. एकच बाजू जास्त तापली असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. ट्रॉली बंद पडली तर दगड लावून निघून जायचं नाही. पन्नास-साठ पावलं मागे काहीतरी चमकणारी खूण ठेवायची, आणि निघताना चाकाखालचा दगड रस्त्यातून उचलायचा. झोप आली तर कारखान्यावरचा नंबर चुकला तरी चालेल, पण गाडी बाजूला घ्यायची.

या शेवटच्या गोष्टीत चालक एकटा गुन्हेगार नसतो. खेपांवर मजुरी, कारखान्याच्या तळावर तासन्‌तास नंबराची वाट, आणि डोक्यावर आगाऊ घेतलेली उचल. एवढ्या ओझ्याखाली माणूस दोन रात्री जागतो. ट्रॉलीला ब्रेक, मागे चमकती पट्टी आणि चालकाला झोप या तीन गोष्टी ऊस घेणाऱ्यांनी, वाहतुकीचा करार करणाऱ्यांनी आणि रस्ते सांभाळणाऱ्यांनी मिळून पुरवायच्या आहेत. त्यांचा खर्च एका हंगामाच्या मानानं किरकोळ आहे.

काका आता ट्रॅक्टर चालवत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. मागच्या दसऱ्याला त्यांचा नातू टोळी घेऊन निघाला. नारळ फुटला, ट्रॉलीतली लेकरं ओरडली, पोरगं टुणकन सीटवर चढलं आणि किल्लीला हात घातला. काका ओट्यावरून काही बोलले नाहीत, नुसतं त्याच्या पायांकडे बघत राहिले. पोराच्या ते लक्षात आलं. तो खाली वाकला, पट्टी खाचेत बसली, आणि खट असा आवाज आमच्यापर्यंत आला. मग काका म्हणाले, "हां, निघ आता."